कव्हरवरचा क्रूस आला कुठून? रॉक अल्बमच्या मुखपृष्ठांवरची बायबलमधली प्रतीकं कशी वाचावीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी रॉक अल्बमच्या मुखपृष्ठांवरच्या बायबलमधल्या प्रतीकांवर प्रबंध लिहिते आहे. तिने ६० कव्हरं जमवली आणि क्रूस, साप, देवदूत, आग, ६६६ असे त्यांचे गट लावले. मार्गदर्शकांनी वहीवर शेरा मारला, "बरंच ओढूनताणून लावलेलं वाटतं." ती विचारते, "मॅडम, खरं प्रतीक कुठलं आणि माझा भास कुठला, हे ओळखायचं कसं? मी ख्रिस्ती नाही, बायबल वाचलेलं नाही. हा विषय सोडून देऊ का?"

विषय सोडू नका. पण तो शेरा कशामुळे आला ते आधी पाहा. तुम्ही वस्तूंचे गट पाडलेत, आणि वस्तू एकटी काही बोलत नाही. कमरेवर हात ठेवून उभा असलेला प्रत्येक माणूस विठ्ठल नसतो. पायाखाली वीट लागते, आणि विटेमागे आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक लागतो. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे त्याला चित्रातली नुसती वीटही पुरते. ज्याला नाही त्याला ती बांधकामाची वीट दिसते. बायबलच्या प्रतीकांचंही असंच आहे.

मी गेली २२ वर्षं कलेचा इतिहास शिकवते आणि त्याहून जास्त काळ एलपी जमवते. कव्हर हातात घेतलं की मी स्वतःला विचारते: यामागे नेमकी कुठली गोष्ट आहे, अध्याय आणि वचनासकट? ती गोष्ट या कव्हरपर्यंत कुठल्या वाटेने आली? आणि इथे पोचताना तिच्यात काय बदललं? पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तर कव्हर बाजूला ठेवायचं. दुसऱ्याचं मिळालं नाही तर 'मला असं दिसतं' एवढंच लिहायचं, 'असं आहे' लिहायचं नाही. तिसऱ्या प्रश्नात तुमचा प्रबंध आहे.

एक कव्हर नीट उलगडून दाखवते. पिक्सीज या बॉस्टनच्या बँडचा 'डूलिटल' हा १९८९ चा अल्बम. कव्हरवर एक माकड, त्याच्या डोक्याभोवती संतांच्या चित्रात असतं तसं तेजोवलय, आजूबाजूला भूमितीच्या वहीतल्यासारख्या रेषा आणि ५, ६, ७ हे आकडे. छायाचित्र सायमन लार्बलेस्टियर यांचं, मांडणी व्हॉन ऑलिव्हर यांची. तुमच्या वहीत हे कव्हर 'तेजोवलय' या गटात गेलं असतं आणि तिथेच पडून राहिलं असतं.

आता आत जाऊ. अल्बममध्ये माकड स्वर्गात गेल्याचं एक गाणं आहे. समुद्रात साचलेली घाण, आकाशाला पडलेलं भोक, असं माणसाने नासवलेल्या सृष्टीबद्दलचं ते गाणं. त्यात माणूस पाच, सैतान सहा आणि देव सात असा हिशेब येतो. सात हा बायबलमध्ये पूर्णत्वाचा आकडा. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी विसावा घेतो; प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या येतात. सहा म्हणजे सातापर्यंत न पोचलेला. हे कळलं की कव्हरवरचे आकडे शोभेचे राहत नाहीत, आणि जे तेजोवलय माणसाच्या डोक्यामागे असायचं ते जनावराच्या डोक्यामागे का गेलं, याला काही अर्थ येतो. जगाची नासाडी करणाऱ्याकडे पावित्र्य उरलेलं नाही. ते त्या मुक्या जिवाकडे गेलं आहे. हा माझा अर्थ आहे, बँडने सांगितलेला नव्हे. पण तो हवेतून काढलेला नाही, कारण आकड्यांचा धागा गाण्यातून थेट कव्हरवर आलेला दिसतो.

वाटेचाही पुरावा आहे. गायक ब्लॅक फ्रान्सिस यांचं किशोरवय पेंटेकॉस्टल चर्चच्या वातावरणात गेलं. बँडच्या पहिल्या रेकॉर्डचं 'कम ऑन पिलग्रिम' हे नाव लॅरी नॉर्मन या ख्रिस्ती रॉक गायकाच्या तोंडच्या शब्दांवरून घेतलेलं. 'डूलिटल'मध्येच एक गाणं दावीद आणि बथशेबेवर आहे (दुसरं शमुवेल, अध्याय ११) आणि दुसरं केसांत बळ असलेला शमशोन आणि त्याला दगा देणारी दलीला यांच्यावर (शास्ते, अध्याय १६). म्हणजे बायबल या घरात पाहुणं म्हणून आलेलं नाही.

त्या शमशोनाच्या गाण्यासाठी आतल्या पानांत जे छायाचित्र आहे ते मी दर वर्षी वर्गात दाखवते. एका बाईच्या उघड्या धडावर ठेवलेला चमचा, आणि चमच्यात केस. बस. शास्त्यांच्या सोळाव्या अध्यायात शमशोनावर दोन आघात होतात. दलीलेच्या मांडीवर झोपलेला असताना त्याच्या डोक्याच्या सात बटा कापल्या जातात; मग पलिष्टी, म्हणजे त्याचे शत्रू, त्याला धरून त्याचे डोळे काढतात. आता पुन्हा चित्राकडे पाहा. केस आहेत. डोळे उकरून काढायचं हत्यार आहे. ज्या देहाच्या विश्वासावर तो झोपला तो देह आहे. शमशोन स्वतः कुठेच नाही. रुबेन्सने हाच प्रसंग १६०९-१० च्या सुमारास रंगवला (लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे), तेव्हा त्याने दलीलेच्या मांडीवर पसरलेली राक्षसी पाठ, कात्री चालवणारा माणूस, दारात मशाली घेतलेले शिपाई, सगळं दाखवलं. लार्बलेस्टियर आणि ऑलिव्हर यांनी माणसं काढून टाकली आणि जखमा ठेवल्या. 'काय बदललं' म्हणते ते हे. हा बदल दोन पानं भरून लिहिण्यासारखा आहे.

याच अल्बमची आणखी एक गोष्ट पदवीच्या मुलांना फार उपयोगी पडते. अल्बमचं नाव आधी 'वेश्या' या अर्थाचं ठरत होतं. कव्हरवर माकड आणि तेजोवलय येणार असं कळल्यावर ब्लॅक फ्रान्सिस यांनी ते बदललं, कारण दोन्ही एकत्र आल्यावर आपण कॅथलिकांच्या विरोधात काही बोलतो आहोत असा लोकांचा समज होईल, असं त्यांना वाटलं. प्रतीक किती जड असतं ते ते वापरणाऱ्यालाच कळतं. चित्र तेच ठेवून नाव हलवावं लागलं.

बदल कधी एका शब्दाचाही असतो. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा 'पीस ऑफ माइंड' १९८३ चा. पुढच्या बाजूला डेरेक रिग्ज यांनी रंगवलेला एडी (या बँडच्या कव्हरांवर येणारं भुतासारखं पात्र), वेड्यांच्या कोठडीत साखळदंडाने बांधलेला, कवटी उघडून पुन्हा बोल्टने आवळलेली. मागच्या बाजूला प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातलं चौथं वचन छापलेलं आहे: देव त्यांच्या डोळ्यांतले सगळे अश्रू पुसून टाकील, यापुढे मरण नाही, शोक नाही, रडणं नाही... आणि जिथे इंग्रजी बायबलमध्ये 'पेन' म्हणजे वेदना हा शब्द आहे तिथे 'ब्रेन' छापलं आहे. यापुढे मेंदूही नाही! घाईत वाचणारा हे वचन शुद्ध समजून पुढे जातो. मी स्वतः कितीतरी दिवस तसंच वाचलं होतं. ज्या वचनात दुःखाच्या अंताचं आश्वासन दिलेलं आहे, तेच माणसाची विचारशक्ती काढून घेण्याचं फर्मान झालं. पुढचं चित्र आणि मागचं वचन एकत्र ठेवल्याशिवाय हे हाती लागत नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. गोष्ट मराठी बायबलमध्ये वाचा, तुम्हाला ती लवकर भिडेल. पण मराठीत त्या जागी 'कष्ट' असा शब्द आहे, आणि नुसतं मराठी वाचून वरची फिरवाफिरव तुम्हाला कधीच दिसली नसती. ब्रिटिश आणि अमेरिकन बँडच्या कानात १६११ चं किंग जेम्स भाषांतर बसलेलं असतं, शाळेतलं, चर्चमधलं, आजीच्या तोंडचं. म्हणून कव्हरवरचा मजकूर नेहमी त्या भाषांतराशी शब्दन् शब्द ताडून पाहा.

तुम्ही उपयोजित कलेच्या आहात म्हणून हेही सांगते: प्रतीक चित्रातच असतं असं नाही, अक्षरांतही असतं. जेथ्रो टलच्या 'अ‍ॅक्वालंग' (१९७१) च्या मागच्या बाजूला बायबलसारखी क्रमांक घातलेली वचनं आहेत, जुन्या हस्तलिखितांच्या वळणाच्या अक्षरांत. पहिलंच वचन म्हणतं की आरंभी माणसाने देव निर्माण केला, माणसाच्या प्रतिरूपात. उत्पत्तीचा पहिला अध्याय उलटा केलेला. तिथे ना क्रूस आहे ना साप, पण सगळ्या पानाला बायबलचा पोशाख चढवला आहे. त्याआधी १९६९ मध्ये जेनेसिस या बँडचा पहिला अल्बम आला, 'फ्रॉम जेनेसिस टु रेव्हलेशन'. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, चित्र नाहीच. अनेक दुकानदारांनी तो धार्मिक रेकॉर्डच्या कप्प्यात लावला. तुमच्या ६० मध्ये असं एकही कव्हर नाही, कारण तुम्ही वस्तू शोधत होतात.

यू टूकडे येते. तुम्ही त्यांचं 'द जोशुआ ट्री' (१९८७) 'वृक्ष' या गटात घातलंत आणि पुढे कंसात 'ज्ञानवृक्ष?' असं लिहिलंत. ते प्रश्नचिन्ह तुमच्या प्रामाणिकपणाचं आहे, पण वाट चुकली. हे झाड एदेन बागेतलं नाही. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात वाढणारी ही युक्का जातीची वनस्पती. तिला हे नाव मॉर्मन वसाहतकऱ्यांनी दिलं असं सांगतात. वर उचललेल्या फांद्यांत त्यांना वचनदत्त देशाकडे नेणारा यहोशवा (इंग्रजीत जोशुआ) दिसला. छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन यांनी बँडचा गायक बोनो याला या झाडाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोनो बायबल हातात घेऊनच खाली आला आणि अल्बमचं नाव हेच असायला हवं म्हणाला. एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

आता गंमत बघा. बायबल उघडलं तर अमालेकाशी झालेल्या लढाईत हात वर धरून उभा राहतो तो मोशे (निर्गम, अध्याय १७). यहोशवा तेव्हा खाली मैदानात लढत असतो. यहोशवा हात लांब करतो तो आय नगरापुढे, आणि त्या हातात भाला असतो (यहोशवा, अध्याय ८). म्हणजे झाडाच्या नावामागची लोककथा आणि बायबलचा मजकूर तंतोतंत जुळत नाहीत. याने प्रतीक खोटं ठरत नाही. उलट ते कुठून आलं हे नक्की होतं: ग्रंथातून थेट नव्हे, अमेरिकेच्या वाळवंटात चालत गेलेल्या लोकांच्या स्मरणातून. आणि तो अल्बम अमेरिकेबद्दलच आहे, वचन दिलेल्या आणि वचन मोडलेल्या देशाबद्दल. पुढच्या बाजूचं छायाचित्र डेथ व्हॅलीतल्या झाब्रिस्की पॉइंटचं आहे. झाड आत आणि मागे येतं. इजिप्त सुटला, कनान हा वचनदत्त देश अजून दिसत नाही, मधलं वाळवंट तेवढं आहे. (ते एकटं झाड डार्विन गावाजवळ होतं, २००० च्या सुमारास पडलं. चाहते मात्र अजून त्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानात त्याला शोधत फिरतात. ते उद्यान तिथून फार दूर आहे.)

त्याच बँडचं २००० सालचं 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' तुमच्या यादीत नाही. ते घ्याच. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर सामान घेऊन उभे असलेले चौघे, कृष्णधवल. वर फाटकाच्या पाटीवर जे, तेहेतीस, आडवी रेघ, तीन. मूळ पाटीवर वेगळी अक्षरं होती, छायाचित्रात ती बदलली. यिर्मया (इंग्रजीत जेरेमाया, म्हणून जे), अध्याय ३३, वचन ३: मला हाक मार, मी तुला उत्तर देईन. हा देवाचा फोन नंबर आहे असं बोनोने सांगितलं आहे. बहुतेक लेखक इथे थांबतात. तुम्ही एक पायरी पुढे जा आणि त्याच अध्यायाचं पहिलं वचन वाचा. हे शब्द यिर्मयाला ऐकू येतात तेव्हा तो पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत आहे. निघण्याच्या तयारीत उभ्या असलेल्या चार माणसांच्या डोक्यावर, जिथून हलता येत नाही अशा माणसाला दिलेला निरोप लावला आहे, आणि अल्बमचं नाव आहे 'जे मागे टाकता येत नाही ते सगळं'. वचन उद्धृत करताना त्याच्या आधीची आणि नंतरची पाच वचनं वाचायची सवय लावून घ्या. अर्धं काम तिथेच होतं.

आता चुकलेल्या वाचनांबद्दल, आणि सुरुवात माझ्यापासून. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका छोट्या मासिकात जॉय डिव्हिजन या बँडच्या 'क्लोजर' (१९८०) वर लिहिलं. कव्हरवर एका शिल्पाचं छायाचित्र: आडवा निश्चल देह, भोवती कोसळलेले, वस्त्रांत बुडालेले शोकाकुल. मी बेधडक लिहिलं की हा क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त आणि भोवती त्याच्यासाठी शोक करणारे. छापून आल्यावर एका ज्येष्ठ शिल्पकारांचं पत्र आलं. ते इटलीत राहून आले होते. ते शिल्प जेनोवाच्या स्टॅलिएनो दफनभूमीतल्या आप्पियानी कुटुंबाच्या कबरीवरचं, देमेत्रिओ पाएर्निओ यांनी १९१० च्या सुमारास घडवलेलं. छायाचित्र बेर्नार पिएर वोल्फ यांचं. एका धनिक घरातला मृत्यू, ख्रिस्त नव्हे. मला फार लाज वाटली, आणि ती उपयोगी पडली. कारण मग मी विचारू लागले की मला ख्रिस्त का दिसला? शतकानुशतकं इटलीतल्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी मृत ख्रिस्ताभोवतीचा शोक ज्या रचनेत मांडला, तीच रचना त्या शिल्पकाराने वापरली होती. म्हणजे विषय बायबलमधला नाही, पण शोकाची ठेवण तिथून आलेली. हे दोन वेगळे दावे आहेत. दुसरा करता येतो; पहिला करून मी तोंडावर पडले. या कव्हरचं दुःख असं की चित्र निवडल्यानंतर, अल्बम बाहेर यायच्या आधी, मे महिन्यात गायक इयन कर्टिस गेला. लोक त्यात भाकीत पाहतात. ते भाकीत नव्हतं, पण त्या जुलैत अल्बम हातात घेणाऱ्याला ते चित्र साधं राहिलं नसणार.

तुमच्या यादीतलं मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) काढून टाका. ते पांढरे क्रूस म्हणजे गुलगुथा, ख्रिस्ताला क्रुसावर दिलं ती जागा, नव्हे. एका क्रुसावर शिपायाचं शिरस्त्राण आहे, दुसऱ्यावर ओळखीची चकती. ही सैनिकांची दफनभूमी आहे. तीन क्रूस दिसले तर गुलगुथाचा विचार करा. रांगेने शेकडो दिसले तर युद्धाचा. लेड झेपलिनचं 'हाउसेस ऑफ द होली' (१९७३) हेही काढा. नावात 'होली' आहे आणि खडकांवरून उघडी मुलं वर चढताहेत, म्हणून तुम्ही याकोबाची शिडी (त्याला स्वप्नात दिसलेली, स्वर्गापर्यंत पोचणारी) लिहिलीत. ते उत्तर आयर्लंडमधलं जायंट्स कॉजवे आहे आणि कल्पना आर्थर सी. क्लार्क यांच्या एका विज्ञान कादंबरीच्या शेवटावरून घेतलेली आहे. गन्स अँड रोझेसच्या 'यूज युअर इल्युजन' (१९९१) वरचा तरुण रफाएलच्या चित्रातून घेतला आहे आणि ते चित्र व्हॅटिकनमध्ये आहे हे खरं, पण चित्र अथेन्सच्या तत्त्वज्ञांचं आहे. पोपच्या भिंतीवर असल्याने कोणी संत होत नाही. आणि १९६९ मध्ये बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'वर काय काय वाचलं गेलं ते आठवा: पांढऱ्या कपड्यांतला धर्मोपदेशक, काळ्या कपड्यांतला तिरडीवाला, अनवाणी प्रेत. चार माणसं रस्ता ओलांडत होती. शोधणाऱ्याला जे हवं ते सापडतं; हीच या विषयातली सगळ्यात मोठी धास्ती.

दुसरी गफलत बारीक आहे आणि जाणकारही ती करतात. ख्रिस्ती परंपरेतली प्रत्येक गोष्ट बायबलमध्ये नसते. उत्पत्तीत सफरचंद नाही, नुसतं 'फळ' आहे. शिंगं आणि बोकडाचे पाय असलेला सैतान बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. तो पुढच्या शतकांतल्या चित्रकारांनी घडवला. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातल्या चार घोडेस्वारांपैकी पहिल्याकडे धनुष्य, दुसऱ्याकडे तलवार, तिसऱ्याकडे तराजू आहे. चौथा, फिकट घोड्यावरचा मृत्यू, रिकाम्या हातांनी येतो. त्याच्या हातात विळा दिला तो चित्रकारांनी. एम्परर या नॉर्वेच्या बँडच्या १९९३ च्या रेकॉर्डवर ग्युस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराचा जो स्वार आहे त्याच्या हातात तो लांब विळा आहे. म्हणजे त्या कव्हरचा पूर्वज प्रकटीकरण नसून दोरे. तुम्ही दोघांचीही नावं लिहायला हवीत, योग्य क्रमाने.

उलटा क्रूस याच जातीचा. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. बाहेर मॅपलडरमची पाणचक्की आणि काळ्या झग्यातली बाई. पुस्तकासारखं उघडलं की आत मोठा उलटा क्रूस आणि त्यात एक कविता. तो बँडने मागितला नव्हता, कंपनीकडून परस्पर टाकला गेला आणि बँड त्यावर नाराज होता. 'कलाकाराचा हेतू' असं लिहिण्याआधी कुठला कलाकार, हे विचारा. आता चिन्हाकडे वळू. परंपरा सांगते की संत पेत्राने स्वतःहून उलटं टांगून घेतलं, आपल्या प्रभूसारखं मरण्याची आपली लायकी नाही म्हणून. ही गोष्ट बायबलमध्ये नाही; योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पेत्राच्या मरणाचा फक्त इशारा आहे. कारावाज्जोने ती १६०१ च्या सुमारास रंगवली. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल इस्राएलमध्ये गेले तेव्हा त्यांच्या आसनाच्या पाठीवर उलटा क्रूस कोरलेला होता, आणि पोप हे पेत्राचे वारस असल्याने ते अगदी योग्य होतं. एकच आकृती: एकीकडे नम्रतेची परिसीमा, दुसरीकडे देवद्रोह. म्हणून 'उलटा क्रूस म्हणजे सैतान' असं कोष्टक करू नका.

तुमच्या वहीत सगळ्यात जास्त कव्हरं ६६६ च्या गटात आहेत. त्यांतली बहुतेक एका परिच्छेदात संपवा. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात हा एका श्वापदाचा आकडा आहे, आणि तो 'मोजून काढा' असं म्हटलं आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते; त्या किमतींनी रोमन सम्राट नीरोचं नाव तेवढं भरतं, आणि काही जुन्या प्रतींत ६१६ आहे तेही त्याच नावाच्या दुसऱ्या उच्चाराशी जुळतं. आकडा मुळात छळ करणाऱ्या राजसत्तेबद्दलचा. आयर्न मेडनच्या १९८२ च्या कव्हरवर एडी सैतानाला कठपुतळीसारखा नाचवतो आणि सैतानाच्या हातात पुन्हा छोटा एडी, म्हणजे नाचवतो कोण हाच प्रश्न. तेवढं एक घ्या. बाकीच्यांवर आकडा धमकी म्हणून चिकटवलेला आहे.

त्यापेक्षा सांतानाच्या 'अब्राक्सास' (१९७०) वर वेळ घालवा. ते तुम्ही 'नग्नता' म्हणून वगळलंत! ते मॅटी क्लारवाइन यांचं १९६१ चं चित्र आहे आणि त्याचं नावच 'अनन्सिएशन' आहे, म्हणजे गब्रीएल दूताने मरियेला दिलेला संदेश, लूक, अध्याय १. चित्रातली काळी नग्न स्त्री मरिया आहे. तिच्याजवळचं पांढरं कबुतर पवित्र आत्म्याचं, जे युरोपातल्या चित्रांत उजेडाच्या झोतातून उतरताना दिसतं. लाल अंगाची, गोंदलेली, पंख असलेली स्त्री म्हणजे गब्रीएल, आणि ती काँगा नावाच्या ढोलावर बसून येते. क्लारवाइन हॅम्बुर्गला जन्मले, वडील यहुदी, बालपण जेरुसलेममध्ये. तीन धर्मांच्या भाषा त्यांच्या कानांवर होत्या. कार्लोस सांतानांनी ते चित्र एका मासिकात पाहून मागून घेतलं. म्हणजे चित्र आधीचं, ढोलही आधीचा. आणि तरी, ढोलांनी भरलेल्या संगीताच्या कव्हरवर देवाचा निरोप ढोलावर बसून येतो, हा योग मला आजही अंगावर काटा आणतो. मी वसईच्या घरात वाढले; आमच्याकडच्या तसबिरीतली मरिया निळ्या पदरात खाली मान घालून बसलेली असायची. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते झटकन पालथं घातलं होतं. आज मला ते भक्तीचंच चित्र वाटतं. देह इथे लाजून मान खाली घालत नाही, आलेलं बोलावणं तो अंगभर ऐकतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर: ख्रिस्ती नसण्याने काही अडत नाही. माझ्यासारखीला घरची तसबीर आड येते, तुम्हाला येणार नाही. बायबल न वाचता मात्र चालणार नाही. मराठीला ही गोष्ट परकी नाही. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथे फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापलं गेलं. सगळं बायबल वाचायला सांगत नाही. उत्पत्ती, निर्गमाचे पहिले वीस अध्याय, शास्ते, ईयोबाची सुरुवात आणि शेवट, लूक, योहान आणि प्रकटीकरण एवढ्यात रॉकची बहुतेक कव्हरं येतात.

कव्हरं मोबाइलच्या पडद्यावर पाहू नका. तिथे मागची बाजू नसते, आतलं पान नसतं, पाटीवरचे आकडे दिसत नाहीत. बारा इंची एलपी हातात घ्या. चोर बाजारात अजून मिळतात, आणि विकत घेणं परवडत नसेल तर एखाद्या संग्राहकाच्या घरी बसून पाहा. बॉब डिलनच्या 'स्लो ट्रेन कमिंग' (१९७९) वर रूळ टाकणाऱ्या मजुराच्या हातातली कुदळ क्रुसाच्या आकाराची आहे हे छोट्या चित्रात नजरेतून सुटतं.

६० ची १२ करा. बाराच्या बारा कव्हरांखाली अध्याय आणि वचन लिहा, वाट लिहा, बदल लिहा. जिथे वाट सापडली नाही तिथे तसं स्पष्ट नोंदवा. मार्गदर्शकांना तीच ओळ सगळ्यात आवडेल. सुरुवात 'डूलिटल'पासून करा. शास्त्यांचे तेरा ते सोळा हे चार अध्याय तासाभरात वाचून होतात. ते वाचा, आणि मग तो केसांचा चमचा पुन्हा पाहा.